हॅम्लेट नेमकं कुणाचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात लिहून गेलो की हॅम्लेटची गोष्ट, म्हणजे काकाने बापाला मारून आईशी लग्न केलं आणि डेन्मार्कच्या राजपुत्राने त्याचा सूड घेतला ती, शेक्सपिअरच्या आधी चारशे वर्षं तरी लोकांना माहीत होती, आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी बाकीचे सगळे बाजूला ठेवावे लागले. ज्या आजोबांनी पेन्शनच्या नॉमिनीबद्दल विचारलंय त्यांचं उत्तर पुढच्या वेळी पहिलं, रागावू नका.

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर) : काका, आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्याने टाकलंय की हॅम्लेट शेक्सपिअरने चोरलेलं आहे. लगेच खाली दुसरा मेसेज, की शेक्सपिअर हा लेखक नव्हताच, त्याच्या नावावर दुसराच कुणीतरी लिहायचा. आता यातलं काय खरं मानायचं?

ताई, आधी भाच्याला विचारा की लेखकच नव्हता तर चोरलं कुणी. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. गोष्ट कुठून आली हा एक प्रश्न, आणि नाटक कुणी लिहिलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, डेन्मार्कातून आली, फ्रान्समार्गे आली, आणि लंडनच्या स्टेजवर शेक्सपिअरच्या आधीच कुणीतरी ती करून मोकळंही झालं होतं. दुसऱ्याचं उत्तर माझ्या मते तितकंच सरळ आहे, नाटक शेक्सपिअरचंच आहे, पण ते खाली एका भाऊंच्या प्रश्नात येतंय म्हणून इथे लांबवत नाही.

चोरी वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही. त्या काळी नवी गोष्ट रचावी अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, माहीत असलेली गोष्ट तू कशी मांडतोस ते दाखव असा मामला होता, आणि आपल्याला तर हे नवीन नको वाटायला. शाकुंतल घ्या ना. महाभारतातल्या गोष्टीत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही, तिथला दुष्यंत शकुंतलेला चांगला ओळखतो आणि लोक काय म्हणतील म्हणून भर सभेत नाही म्हणतो. कालिदासाने शाप आणला, अंगठी आणली, राजाला खरोखर विसरायला लावलं आणि अख्खं नाटक त्या विसरण्यावर उभं केलं. त्याला कुणी चोर म्हणत नाही. शेक्सपिअरने हॅम्लेटमध्ये जवळपास असलंच काहीतरी केलंय, ते पुढच्या उत्तरात बघा.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर, निवृत्त शिक्षक) : मूळ डॅनिश कथा काय होती ते जरा विस्ताराने सांगाल का? नाटक आम्ही कॉलेजात शिकलो, पण मूळ कथेबद्दल सरांनी एका वाक्यात आटोपलं होतं.

सर, तुमच्या सरांनी मोठी मजा घालवली, कारण मूळ गोष्ट जबरदस्त आहे, आणि ती कळली की नाटकातल्या तीन-चार विचित्र जागा एकदम उलगडतात.

साक्सो ग्रामाटिकुस नावाचा एक विद्वान डेन्मार्कात होऊन गेला, साधारण 1200 च्या सुमाराला. त्याने लॅटिनमध्ये डॅनिश राजांचा मोठा इतिहास लिहिला, त्यात दंतकथा आणि इतिहास दोन्ही एकमेकांत मिसळलेले. त्यात अम्लेथ नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे. हे पुस्तक छापून आलं 1514 ला, पॅरिसमध्ये.

गोष्ट अशी. अम्लेथचा बाप होर्वेंडिल, काका फेंग, आई गेरुथा. काका भावाला मारतो आणि वहिनीशी लग्न करतो, इथपर्यंत ओळखीचं आहे. पण खून लपूनछपून नाही झालेला, सगळ्यांना माहीत आहे, उलट फेंग लोकांना सांगत फिरतो की भाऊ बायकोला छळत होता म्हणून तिला वाचवायला मारलं. नाटकात काका बागेत झोपलेल्या राजाच्या कानात विष ओततो आणि बापाचं भूत येऊन ते मुलाला सांगतं. इथे कानात विष नाही, बागेतली झोप नाही, आणि मुख्य म्हणजे भूत नाही. भुताची गरजच काय, मुलाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे.

आता विचार करा, काकाने बापाला मारलंय हे मुलाला कळतंय आणि मुलाला कळतंय हे काकालाही कळतंय, मग तो मुलाला जिवंत कशाला ठेवेल? म्हणून अम्लेथ वेड्याचं सोंग घेतो. अंगाला घाण माखतो, चुलीपाशी बसून राखेत हात घालतो आणि लाकडाचे आकडे तासत बसतो, ते विस्तवात धरून टणक करतो. कुणी विचारलं हे काय करतोयस तर म्हणतो, बापाचा सूड घ्यायला भाले करतोय. लोक हसतात. खरं बोललं तरी कुणी विश्वास ठेवत नाही अशी सोय त्याने करून घेतलीये, आणि हा माणूस शेवटपर्यंत खोटं असं फारसं बोलतच नाही, खरंच बोलतो पण वेड्यासारखं बोलतो.

मग फेंग परीक्षा घेतो. एक बाई पाठवून बघतात, ते फसतं. मग फेंगचा एक मित्र गेरुथाच्या खोलीत अंथरलेल्या गवताखाली लपून बसतो, आई-लेकाचं बोलणं ऐकायला. अम्लेथ खोलीत येतो, कोंबड्यासारखा आरवतो, हात पंखांसारखे फडफडवतो आणि गवतावर उड्या मारायला लागतो. पायाखाली काहीतरी लागलं की तलवार खुपसतो. पुढचं जेवताना वाचू नका, त्या माणसाचे तुकडे करून शिजवतो आणि गटारातून डुकरांना घालतो. हाच माणूस नाटकात पोलोनिअस, म्हणजे राजाचा म्हातारा सल्लागार, झाला आणि गवताचा पडदा झाला, बरं का.

मग त्याला दोन सोबत्यांबरोबर ब्रिटनला पाठवतात, सोबत लाकडावर कोरलेला निरोप, की याला मारून टाका. ते दोघे झोपले की हा अक्षरं खरवडतो आणि नवीन कोरतो, की या दोघांना मारा, आणि जाता जाता एक ओळ वाढवतो की या हुशार मुलाला तुमची मुलगी द्या. दोघं फासावर जातात, तर हा माझे सोबती मारले म्हणून राजाकडून भरपाईचं सोनं घेतो, ते वितळवून दोन पोकळ काठ्यांत भरतो आणि वर्षभराने परत येतो. घरी त्याचंच श्राद्धाचं जेवण चाललेलं असतं! सगळ्यांना दारू पाजतो, आईने विणून ठेवलेला दिवाणखान्याचा मोठा पडदा त्यांच्या अंगावर पाडतो, आणि तेव्हा ते चुलीपाशी तासलेले आकडे बाहेर निघतात. पडदा त्या आकड्यांनी असा अडकवतो की आतल्या कुणाला सुटता येत नाही, आणि मग आग लावतो. वर्षभर लोक ज्याला हसत होते तेच हत्यार. नंतर फेंगच्या खोलीत जाऊन तलवारी बदलतो, काकाच्या हातात येते ती म्यानालाच खिळ्याने ठोकलेली तलवार. काका मरतो, अम्लेथ लोकांपुढे भाषण करतो, राजा होतो. पुढे त्याची दुसरी बायको, लढाई, मरण वगैरे आहे, ते नाटकात आलंच नाही.

आता नाटक आठवा. शेक्सपिअरच्या नाटकात खून गुपित आहे, काकाला वाटतंय कुणाला काही माहीत नाही. मग हॅम्लेटने वेड्याचं सोंग घ्यायची गरजच काय? उलट सोंग घेतल्यामुळेच काकाला संशय येतो, चार दिवस गप्प राहिला असता तर कुणी त्याच्याकडे बघितलंही नसतं. परीक्षेत मुलं या प्रश्नावर पानंच्या पानं लिहितात, मानसशास्त्र वगैरे काढतात, पण त्याचं साधं कारण म्हणजे जुन्या गोष्टीत सोंग जीव वाचवायला होतं, खून गुपित केल्यावर ते कारण गेलं आणि सोंग तेवढं राहिलं. मला तर वाटतं नाटकाची ताकदच इथे आहे. खून गुपित झाला म्हणून सांगायला भूत आलं, भुतावर विश्वास ठेवावा की नाही हा घोळ आला, खात्री करायला नाटकातलं नाटक आलं, आणि एवढं होईपर्यंत सूड लांबला. अम्लेथला संधी हवी होती, हॅम्लेटला आधी पुरावा हवाय. एका बदलाने साहसकथेतला हुशार पोरगा शंकेखोर माणूस होऊन बसला.

हा बदल एकट्या शेक्सपिअरचा नाही हेही सांगतो. मधे बेलफोरे नावाच्या फ्रेंच लेखकाने 1570 मध्ये ही गोष्ट फ्रेंचमध्ये आणली, त्याने आईचं प्रकरण खुनाच्या आधीपासून चालू होतं असं केलं आणि राजपुत्राला जरा उदास केलं. इंग्रजी भाषांतर छापलं गेलं ते 1608 ला, म्हणजे नाटकानंतर. आणि भूत तर शेक्सपिअरच्या आधीच लंडनमध्ये ओरडून गेलं होतं.

प्रश्न (एमए इंग्लिशची विद्यार्थिनी, इंदूर) : सर, आमच्या नोट्समध्ये आहे की शेक्सपिअरच्या आधी थॉमस किडने हॅम्लेट लिहिलं आणि ते उर-हॅम्लेट, म्हणजे मूळ हॅम्लेट, म्हणून प्रसिद्ध आहे. मी ते शोधतेय पण पीडीएफ कुठेच मिळत नाही.

बेटा, मिळणार नाही, कारण ते आज कुणाकडेच नाही. छापलं गेल्याचा पुरावा नाही, हस्तलिखित नाही, एक पानसुद्धा नाही. ते होतं हे आपल्याला तीन जागी कळतं.

पहिली जागा 1589. टॉमस नॅश नावाच्या तिखट लेखकाने ग्रीन या लेखकाच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि त्यात काही नाटककारांची टर उडवली, की हे लोक बापाचा कारकुनी धंदा सोडून साहित्यात घुसलेत, मेणबत्तीच्या उजेडात रोमन नाटककार सेनेका इंग्रजीतून वाचतात, आणि थंडीच्या सकाळी गोड बोलून मागितलंत तर अख्खी हॅम्लेटं काढून देतील, म्हणजे मूठमूठभर रडारडीची भाषणं. त्याच परिच्छेदात ईसापच्या गोष्टीतल्या करडाचा उल्लेख आहे, आणि करडू हा शब्द इंग्रजीत किड या नावासारखाच. किडचा बाप खरोखर दस्तऐवज लिहिणारा लेखनिक होता. दुसरी जागा हेन्स्लो या थिएटरवाल्याची वही, त्यात 9 जून 1594 ला लंडनजवळ न्यूइंग्टन बट्सच्या थिएटरात हॅम्लेट झाल्याची नोंद आहे, गल्ला आठ शिलिंग, म्हणजे अगदीच बेताचा. तिसरी 1596, टॉमस लॉजने लिहिलंय की थिएटरमधलं भूत कालवं विकणाऱ्या बाईसारखं केविलवाणं ओरडतं, हॅम्लेट, सूड घे! कालवं विकणारी आपल्या इंदूरला कुणी बघितली नसेल, पण आवाज कसा असेल ते भाजीमंडीत जाऊन कळतं.

आता यातून किडनेच लिहिलं हे सिद्ध होतं का? नाही. शक्यता बरीच आहे, कारण त्याच्या स्पॅनिश ट्रॅजेडी या नाटकात भूत आहे, लांबत जाणारा सूड आहे, वेड आहे, नाटकातलं नाटक आहे, हॅम्लेटच्या मित्राचं होरेशिओ हे नाव असलेलं पात्रसुद्धा आहे, फक्त तिथे बाप मुलाचा सूड घेतो. गंमत म्हणजे स्पॅनिश ट्रॅजेडीवरही त्याचं नाव छापलेलं नव्हतं, 1612 मध्ये हेवूड या नाटककाराने आपल्या पुस्तकात त्यातली ओळ देताना किडचं नाव घेतलं म्हणून आपल्याला कळलं, एवढा बारीक धागा. काही अभ्यासक तर म्हणतात की ते जुनं हॅम्लेट तरुण शेक्सपिअरचंच होतं आणि नंतर त्याने ते परत लिहिलं. मला स्वतःला किड जास्त पटतो, ते मेणबत्ती आणि कारकुनीचं वर्णन दुसऱ्या कुणाला एवढं चपखल बसत नाही. पण पेपरात "किडने लिहिलं" असं ठोकून देऊ नकोस, "बहुधा किडचं मानलं जातं" असं लिही आणि नॅशचा उल्लेख कर, नोट्स उतरवणाऱ्या बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसेल.

प्रश्न (तिलक नगर, इंदूर) : जो माणूस युनिव्हर्सिटीत गेला नाही, हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, त्याने राजवाड्यातलं एवढं बारीक कसं लिहिलं? तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन किंवा ऑक्सफर्डचा सरदार यांचं नाव घेतात ते उगाच का?

भाऊ, उगाचच. आणि त्यातला "हातमोजेवाल्याचा मुलगा" हा सूर मला अजिबात आवडत नाही, तुकोबा वाण्याच्या दुकानात बसलेले होते हे आपण विसरतो का? शाळेत लॅटिन कसून शिकवायचे, आणि दरबार बघायला सरदार असायला लागत नाही, त्याची कंपनी राणीपुढे आणि नंतर राजापुढे नाटकं करत होती.

बेकनचं नाव जोरात आलं ते 1857 च्या सुमाराला डेलिया बेकन या अमेरिकन बाईंच्या पुस्तकानंतर, आणि ऑक्सफर्डचं 1920 मध्ये. म्हणजे शेक्सपिअर जाऊन दोन-तीनशे वर्षं झाल्यावर. त्याच्या हयातीत कुणाला शंका आल्याचं दिसत नाही. ऑक्सफर्डचे सरदार एडवर्ड डी व्हिअर 1604 ला वारले, शेक्सपिअरच्या नाटकांपैकी मॅकबेथ त्यानंतरचं आहे, टेम्पेस्ट आहे, आणि टेम्पेस्टमध्ये तर 1609 च्या बर्म्युडाजवळच्या जहाजफुटीच्या बातम्यांचे धागे आहेत. मेलेल्या सरदाराला त्या बातम्या सांगितल्या कुणी?

हॅम्लेटपुरतं बोलायचं तर 1603 च्या छापील प्रतीवर शेक्सपिअरचं नाव आहे. गेब्रिअल हार्वी नावाच्या केंब्रिजच्या पंडिताने आपल्याकडच्या, चॉसर या जुन्या कवीच्या पुस्तकात हाताने लिहून ठेवलंय की तरुणांना शेक्सपिअरचं व्हीनस आणि अडोनिस हे काव्य आवडतं, पण त्याचं लुक्रीस हे काव्य आणि हॅम्लेट जाणत्यांना आवडेल असं आहे. हे कुणाला दाखवायला लिहिलेलं नाही, स्वतःच्या पुस्तकातली टीप आहे. आणि 1623 ला सगळी नाटकं एकत्र छापून काढणारे हेमिंग आणि काँडेल हे त्याच्या कंपनीतलेच नट, ज्यांना त्याने मृत्युपत्रात आठवणीची अंगठी घ्यायला पैसे ठेवले होते. बरोबर काम करणाऱ्या नटांना आपलं नाटक कोण लिहितो हे कळत नसेल असं मानायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : शेक्सपिअरच्या मुलाचं नाव हॅम्नेट होतं आणि तो गेल्याच्या दुःखात हे नाटक आलं असं वाचलं. खरं का?

मुलगा होता, जुळ्यांपैकी एक, 1596 मध्ये अकरा वर्षांचा असताना गेला. बहीण ज्युडिथ. दोघांची नावं शेजारच्या सॅडलर नवरा-बायकोवरून ठेवलेली. पण राजपुत्राचं नाव जुन्या गोष्टीतून आलंय, वर बघितलंच, 1589 ला नॅश ते नाव घेतो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. तरी आपल्या मुलाच्या नावासारखं नाव रोज तालमीत ऐकताना बापाला काय होत असेल, ते आपण समजू शकतो. त्याहून जास्त कुणी सांगत असेल तर ती कादंबरी आहे.

प्रश्न (रामबाग, इंदूर) : मराठीत हॅम्लेट कधी आलं? आजोबा गणपतराव जोश्यांचं नाव घ्यायचे.

आगरकरांनी केलं, विकारविलसित या नावाने, 1883 ला छापलं. त्याच्या आदल्या वर्षी टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले होते. गणपतराव जोशी शाहूनगरवासी मंडळी या नाटक कंपनीचे नट, त्यांचा चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, एवढा गाजला की लोक नाटकाला नाही, गणपतरावांना बघायला जायचे. आजोबांनी स्वतः पाहिला नसेल, गणपतराव 1922 ला गेले, पण त्यांच्या वडिलांकडून ऐकलं असेल. आणि बघा, मराठीत आल्यावर पात्रांची नावं बदलली, राज्य बदललं, तरी कुणी म्हणालं नाही की आगरकरांनी चोरलं.

प्रश्न (स्नेहलता गंज, इंदूर) : मला आता पूर्ण वाचायचंय. पण दुकानदार म्हणतो हॅम्लेटच्या तीन वेगवेगळ्या प्रती आहेत. कोणती घेऊ?

दुकानदार जाणकार आहे, त्याला सोडू नका. पहिली प्रत 1603 ची, जेमतेम अर्ध्या लांबीची. तिच्यात पोलोनिअसचं नाव कोरँबिस आहे, आणि ते प्रसिद्ध भाषण सुरू होतं ते "जगावं की मरावं, हां, मुद्दा तो आहे" अशा सुरात, ऐकून हसू येतं. कुणी म्हणतात छोट्या भूमिकेतल्या नटाने आठवून आठवून लिहून दिली, मार्सेलस या पहारेकऱ्याच्या ओळी तेवढ्या अचूक आहेत म्हणून त्याच्यावर संशय. कुणी म्हणतात हा शेक्सपिअरचाच कच्चा खर्डा. या प्रतीचा जगाला पत्ताच नव्हता, 1823 मध्ये हेन्री बनबरींना आपल्या घरातल्या कपाटात एक सापडली, शेवटचं पान नसलेली. दुसरी 1856 मध्ये डब्लिनला निघाली, तिला शेवटचं पान होतं पण टायटल पेज नव्हतं. जगात या दोनच. गंमत म्हणजे या प्रतीत आई शपथ घेऊन सांगते की मला खुनाचं माहीत नव्हतं आणि मुलाला मदत करायचं वचन देते, जुन्या डॅनिश गोष्टीतल्या गेरुथासारखी.

दुसरी 1604-05 ची, सगळ्यात लांब, वर छापलंय की खऱ्या प्रतीवरून, जवळजवळ दुप्पट वाढवून. तिसरी 1623 च्या मोठ्या ग्रंथातली, तिच्यात दुसरीतल्या दोनशेहून जास्त ओळी नाहीत पण सत्तरेक नवीन आहेत. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याची फौज बघून हॅम्लेट स्वतःला शिव्या घालतो ते शेवटचं मोठं स्वगत फक्त दुसरीत आहे, तिसरीत ते पूर्ण गायब.

दुकानात मिळणारी बहुतेक पुस्तकं दुसरी आणि तिसरी मिसळून केलेली असतात, पहिल्या वाचनाला तेच घ्या, टिपा असलेलं. नंतर हौस वाटली तर आर्डेन या टिपांसह शेक्सपिअर छापणाऱ्या मालिकेतली 2006 ची एडिशन बघा, त्यात तिन्ही वेगवेगळ्या छापल्यात, दोन पुस्तकांत. महाग आहे, आधी लायब्ररीत विचारा. आणि 1603 वाली वेगळी मिळाली तर ती एका बैठकीत मोठ्याने वाचा, चार जण असतील तर पात्रं वाटून घ्या, दोन-अडीच तासांत संपते आणि स्टेजवर पळते कशी ते लगेच कळतं.